काटा सातावर

पहाटे ३.१०

मामा चुलीपुढे उकिडवे बसलेत. हात शेकून झाले की तळहातावर खोबरेल घेतात. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला, मनगटापर्यंत चोळतात. "तेल असलं की चुना कमी धरतो," म्हणतात. जानेवारीची थंडी आहे. बाहेर अंगणात दहिवर पडलंय. मामींनी चपात्या आणि वांग्याचं कालवण डब्यात भरलंय.

कारखान्यात त्यांना सगळे मामाच म्हणतात. वय छप्पन्न. हंगामी कामगार. दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटतो, तेव्हापासून ऊस संपेपर्यंत काम. कधी मार्च, कधी एप्रिल. बाकीचे महिने घरी. त्या काळात पगाराचा काही हिस्सा 'रिटेन्शन' म्हणून मिळतो. असे सत्तावीस हंगाम झाले. त्यातले बहुतेक एकाच जागी गेले: लाईम हाऊस.

उसाचा रस आंबट असतो. त्याला चुना द्यायचा. चुना जास्त होतो, मग गंधकाचा धूर द्यायचा. शेवटी रस आंबटही नाही, खारटही नाही, असा मधोमध आणून सोडायचा. एवढंच मामांचं काम. ते कसं चालतं ते बघायला आज मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसलोय.

पहाटे ३.३५

घर ते कारखाना अकरा किलोमीटर. दोनशेचं पेट्रोल टाकलं की आठवडा निघत नाही. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले. त्यामागे बैलगाड्यांची रांग. गाडीखाली कंदील लटकतोय. रस्त्याकडेला तोडणी कामगारांच्या कोप्या. तिथे चुली पेटल्यात. टोळ्या पाथर्डीकडच्या आहेत, बीडच्या आहेत. बाया भाकरी थापतायत. उजाडायच्या आत त्या फडात असतील.

लांबूनच वास येतो. आधी गोड, मग आंबूस. अगदी जवळ गेल्यावर नाकाला झोंबणारा एक तिसरा वास. "तो आपला," मामा म्हणतात. गंधकाचा.

पहाटे ४.००

भोंगा होतो. पाळी बदलते. चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. मिलचा आवाज पायांतून वर चढतो. इथे बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं.

रात्रपाळीचा माणूस मफलर सोडत एकच वाक्य सांगतो, "काटा सातावर हाये, पण रस आंबट येतोय." गाड्या दोन दिवस खोळंबल्या होत्या. ऊस तोडला की त्याच्यात सडण सुरू होते, आणि शिळ्या उसाचा रस जास्त आंबट. वहीत लिहिलंय: कच्चा रस ५.१. एरवी ५.३, ५.४ असतो.

हा आकडा पीएचचा. शेतीखात्याची माणसं त्यालाच सामू म्हणतात. सात म्हणजे मधोमध. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. ही मोजपट्टी १९०९ साली कोपनहेगनमध्ये सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने बांधली. तो कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत होता. म्हणजे तीही एका कारखान्याचीच प्रयोगशाळा, फक्त तिथे बिअर व्हायची. या पट्टीची एक पायरी म्हणजे दहापट. सहाचा रस सातापेक्षा दहापट आंबट, पाचाचा शंभरपट. ५.३चा रस सातावर आणायचा म्हणजे त्याचा आंबटपणा सुमारे पन्नासपट उतरवायचा. आणि असा रस तासाला दोनशे टन. दिवसाला पाच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात तेवढा येतोच. तो थांबत नाही.

पहाटे ४.२०

लाईम हाऊस म्हणजे पत्र्याची उंच शेड. एका भिंतीला चुन्याच्या पोत्यांची थप्पी. पोतं पन्नास किलोचं. मामांच्या हाताखाली दोघं आहेत, दोघंही ठेकेदाराकडचे. एक विशीतला, दुसरा चाळिशीचा. रोज पाचशे रुपये, खाडा धरला जातो. गमबूट कारखान्याचे. चष्मा कारखान्याचाच, पण धाकट्याचा फुटलाय. त्याने स्वतःचा आणलाय, एकशे वीस रुपयांचा.

एका पाळीला पन्नासच्या आसपास पोती लागतात. अडीच टन. पोतं खांद्यावर घ्यायचं, पाच पायऱ्या चढायच्या, फिरत्या पिंपाच्या तोंडाशी आपटायचं, विळ्याने शिवण उसवायची, ओतायचं. ओतताना तोंड फिरवायचं. श्वास धरायचा. रिकामं पोतं झटकायचं नाही, गुंडाळून ठेवायचं.

हा कळीचा चुना. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे राहते ती कळी. ती तहानलेली असते. पिंपात पाणी मिळालं की फुगते, चर्रर्र आवाज करते आणि तापते. हिशोबाने शंभर किलो शुद्ध कळी बत्तीस किलो पाणी नुसतं पिऊन टाकते. त्यापुढचं पाणी तिला पातळ करतं. पिंपाला बाहेरून हात लावला तर ठरत नाही. वर वाफेचा लोट.

पिंपाच्या दुसऱ्या टोकातून दुधासारखं पांढरं पडतं. त्याला इथे 'मिल्क ऑफ लाईम'च म्हणतात. मामा म्हणतात दूध. दूध जाळीतून गाळलं जातं. न विरलेले खडे, रेती खाली घमेल्यात पडते. मामा लांब काचेची तरंगकाठी दुधात सोडतात. ती किती बुडते त्यावर दाटपणा कळतो. आज जरा जास्त बुडाली. "पातळ हाये. पाणी कमी कर रे." धाकटा चाक अर्धा आटा फिरवतो.

पहाटे ५.१५

आता गंधक. तो शेजारच्या शेडमध्ये. पिवळा धमक, चुन्याच्या निम्म्याहून कमी पोती लागतात. एका लोखंडी भांड्यात वाफेच्या उष्णतेवर तो वितळवतात. साधारण ११५ अंशांना वितळतो. १६०च्या आसपास गेला की उलटाच जातो, पातळ व्हायचा सोडून चिकट होतो, नळीत अडतो. म्हणून मधल्या तापमानावर ठेवायचा. इथेही मध्यच सांभाळायचा.

वितळलेला गंधक भट्टीत जातो. मामा झाकणाची बारीक काच पुसतात आणि मला बघायला सांगतात. आत निळी ज्योत. शांत, तळाशी पसरलेली. एवढ्या मोठ्या कारखान्यात मला सकाळपासून दिसलेली ही एकच सुंदर गोष्ट. एक किलो गंधक जळला की दोन किलो वायू होतो: सल्फर डायऑक्साइड. तो पाण्यात मिसळला की आम्ल. आणि पाणी सगळीकडे असतं. डोळ्यांत असतं, घशात असतं, छातीत असतं. म्हणून तो झोंबतो. तो आपल्याच ओलाव्यात आम्ल होतो.

भट्टीत जाणारी हवा कोरडी लागते. ओल आली की गंधकाम्ल तयार होतं आणि नळ्या आतून खातं. जुन्या भट्ट्यांना हवा कळीच्या चुन्यावरून नेऊन सुकवत. मामांनी त्या भट्टीवर काम केलंय. "तवा चुना दोन्हीकडं लागायचा," ते सांगतात.

एका जोडातून थोडा वायू सुटतोय. मामा उपरणं पाण्यात बुडवून तोंडाला बांधतात. मलाही एक ओलं फडकं देतात. पाना घेऊन दोन बोल्ट आवळतात. चार मिनिटांचं काम. परत आल्यावर बराच वेळ खोकतात.

सकाळी ६.००

सल्फिटेशनची टाकी दोन मजले उंच. रस आधी सत्तर-पंचाहत्तर अंशांवर तापवून इथे येतो. काळपट हिरवा, फेसाळ, चिखलासारखा. एका नळीने दूध, खालून गंधकाचा वायू. दोन्ही एकदमच.

चुना अल्कली. वायूचं झालेलं आम्ल. दोघं भेटले की कॅल्शियम सल्फाइट होतं आणि पाणी. हे सल्फाइट विरघळत नाही, बारीक रवाळ होऊन तरंगतं. रसातला चिकटपणा, मेण, मातीचे कण, रंग त्याला धरून बसतात. चुना रसातल्या फॉस्फेटलाही धरतो आणि त्याचे भुरके बनतात. तेही कचरा गोळा करतात. मग सगळं मिळून खाली बसतं. म्हणून नुसती थोडी निवळी टाकून आंबटपणा मारला तर भागत नाही. चुना लागतो त्याहून जास्त द्यायचा, आणि जास्तीचा वायूने परत मारायचा. या भांडणात रस निवळतो.

टाकीला पीएचचं मीटर आहे, लाल आकड्यांचं. पण मामा त्याच्यावर एकट्यावर विसंबत नाहीत. ते कागदाची पट्टी काढतात. बी.टी.बी.ची, म्हणजे ब्रोमोथायमॉल ब्लूची. पळीने रस घेतात, पट्टी बुडवतात. आम्ल असेल तर पिवळी, अल्कली असेल तर निळी, मधोमध असेल तर हिरवी. मामांना हिरव्यातले हिरवे कळतात. "पोपटी म्हंजी कमी. मेथीच्या पानासारखा पायजे." पट्टी मेथीची निघते. मीटर म्हणतं ७.१. वहीत लिहितात. पेन कानावर.

सकाळी ६.५०

अजून सूर्य उगवायचाय. चहा. टपरीवाला किटली घेऊन येतो, दहा रुपये कप. मामा दोघा पोरांचेही पैसे देतात. मग खिशातून तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी निघते. डबीच्या टोकाने चिमूटभर चुना, अंगठ्याने मळणं, थाप.

तंबाखूतलं निकोटिन पानात आम्लाशी बांधलेलं असतं. चुना त्या आम्लाला धरतो आणि निकोटिन मोकळं होतं, गालातून लगेच रक्तात उतरतं. तोच चुना गालाची कातडीही खातो. मामांना डॉक्टरांनी दोनदा बजावलंय. "घरात चुना, दारात चुना, तोंडात चुना," थोरला पोऱ्या हसतो. मामा गप्प चोळत राहतात.

त्यांच्या आज्याचं गुऱ्हाळ होतं. गोदावरीच्या कालव्याकडे. काहिलीत रस उकळायचा. आजा भेंडीच्या खोडांचं बुळबुळीत पाणी टाकायचा, मळी वर आली की झाऱ्याने काढायचा, आणि चुन्याची निवळी. किती टाकायची ते फेसाचा रंग बघून. मीटर नाही, पट्टी नाही. चुना कमी पडला तर ढेप बसत नाही, जास्त झाला तर गूळ काळवंडतो. आज्याने एक काहील काळवंडवली ती गोष्ट घरात पन्नास वर्षं सांगितली गेली.

पुढे कारखाने आले. हरेगावला ब्रिटिशांच्या काळातच बेलापूर कंपनीचा होता. १९५०मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला. मग नगर जिल्ह्यात तालुक्यातालुक्याला धुरांडी उभी राहिली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर. मामा आणि टपरीवाला दोघंही अजून नगरच म्हणतात. काहिली गेल्या. चुना राहिला.

सकाळी ८.००

प्रयोगशाळेतली मुलगी येते. बी.एस्सी. केमिस्ट्री, प्रशिक्षणार्थी. पांढरा कोट, पाठीला सॅक. "मामा, नवीन गाडीतला चुना द्या."

रात्री चुन्याचा ट्रक आलाय, राजस्थानातून. मामा एका पोत्यातून नाही, पाच पोत्यांतून चिमूट चिमूट घेतात. ती कुटून पूड करते. एक ग्रॅम तोलते. तो साखरेच्या पाण्यात ढवळते. मी विचारतो, साखर कशाला? साध्या पाण्यात चुना फारच कमी विरघळतो. लिटरला दीड-दोन ग्रॅमही नाही, आणि पाणी तापवलं तर त्याहून कमी. साखरेशी मात्र तो जोडी करतो आणि विरघळतो. हवा लागून मेलेला चुना परत खडू झालेला असतो. तो विरघळत नाही. म्हणून साखरेचं पाणी फक्त जिवंत चुना मोजतं.

ती दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन टाकते. पाणी गुलाबी होतं, गुलकंदी गुलाबी. मग वरच्या काचेच्या नळीतून हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब थेंब. डाव्या हाताने नळीची चावी, उजव्या हाताने चंबू फिरवत. चोवीस मिलिलिटरला गुलाबी फिकट झाला. मग ती थांबत थांबत सोडते. पंचवीस. एक थेंब. अजून एक. २५.४ला रंग गेला. पाण्यासारखं स्वच्छ.

या आम्लाच्या एका मिलिलिटरमागे २८ मिलिग्रॅम चुना. ती मोबाईलवर गुणाकार करते. ७११. म्हणजे ग्रॅमात ७१ टक्के जिवंत चुना. बाकी खडू, रेती, राख. "मागची गाडी बरी होती," मामा म्हणतात. टक्का उतरला की पोती वाढतात. पोती वाढली की खांदे. रोज तेवढाच.

सकाळी ९.२५

मी पायऱ्यांवर बसलेलो असताना थोरला पोऱ्या धावत येतो. मामा काहीच न विचारता उठतात. मीटरवर ६.४.

दूध थांबलंय. पंपाच्या झडपेत रेती अडकली. रस मात्र येतोच आहे. वायू येतोच आहे.

सातावरून साडेसहाच्या खाली येणं ऐकायला थोडं वाटतं. आंबटपणा चौपट होतो. आणि पुढे हाच रस शंभराच्या वर तापवला जाणार आहे. गरम आणि आंबट हे साखरेचे दोन वैरी एकत्र आले की ती तुटते. साखरेचा एक रेणू पाण्याचा एक रेणू घेतो आणि त्याचे दोन होतात: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. गोडी राहते, पण दाणा पडत नाही. ती साखर पोत्यात जात नाही, मळीत जाते. उसाचं वजन मात्र काट्यावर झालेलं असतं. शेतकऱ्याचा ऊस टनावर मोजलेला आहे, तोडणाऱ्याची मजुरी टनावर मोजलेली आहे. साखर मात्र इथे, या पाइपात, दिसेनाशी होते.

मामा आधी वायूची झडप कमी करतात. मग दुसरा पंप चालू. त्याच्या नळीत रात्रीचं दूध थिजलंय. हातोडीने ठोकत ठोकत वर जातात. धाकटा पाण्याचा पाइप लावतो. पांढरं पाणी फुटून उडतं. कोणी ओरडत नाही. ओरडून ऐकू येतच नाही. मामा हाताने खुणा करतात: बंद, थोडं, अजून थोडं.

दूध सुटतं. एकदम. आकडा ७.० झाला, ७.४ झाला, ७.८. आता उलटं. रस तांबूस व्हायला लागतो. चुना जास्त झाला की तुटलेली साखर, ते ग्लुकोज-फ्रुक्टोज, जळून काळपट रंग होतो. तो रंग साखरेत उतरतो. आज्याची काहील काळवंडली ती याच कारणाने. मामा वायू वाढवतात. पट्टी निळी. पट्टी निळसर हिरवी. पट्टी मेथीची.

७.१.

वीस मिनिटं गेली. तेवढ्यात सत्तरेक टन रस गेला. मामा वहीत वेळ लिहितात, आकडे लिहितात. सहा पूर्णांक चारही लिहितात. खोडत नाहीत.

सकाळी १०.१५

धाकट्याच्या डोळ्यात शिंतोडा गेलाय. मघाशी चष्मा वर केला होता. मामा त्याला मान धरून नळाखाली नेतात. पापण्या बोटांनी उघड्या धरतात. पाणी, पाणी, पाणी. घड्याळ बघून पंधरा मिनिटं. मग दवाखान्याच्या खोलीत.

मामांनाही झालं होतं, तरुणपणी, दुसऱ्या एका ठिकाणी. तिथे एकाने सुचवलं, चुना आहे तर लिंबू पिळा, आम्लाने मरेल. दुसऱ्याने हात धरला म्हणून डोळा वाचला. आम्ल आणि अल्कली भेटले की उष्णता सुटते. टाकीत ते चालतं. डोळ्यात एका भाजण्यावर दुसरं भाजणं होतं. डोळ्याला फक्त पाणी. मामांच्या डाव्या बुबुळावर अजून एक धूसर ठिपका आहे. "संध्याकाळी दिव्याभोवती कडं दिसतं," ते सांगतात.

धाकटा परत येतो. डोळा लाल, पण उघडतोय. उरलेली पोती थोरला एकटाच उचलतो. धाकटा विळा धरतो.

सकाळी १०.४५

मामा मला क्लॅरिफायरवर नेतात. सातावर आणलेला रस पुन्हा तापवून, १०२ अंशांच्या वर नेऊन, इथे सोडतात. ही टाकी म्हणजे गोल, झाकलेलं, शांत तळं. रस इथे तासन्‌तास काही न करता थांबतो. गाळ खाली बसतो. वरून निघतो तो रस सोनेरी. कडेला काचेची खिडकी आहे, तिच्यातून पलीकडचा दिवा दिसतो. मघाची वीस मिनिटं अजून इथे पोचली नाहीत. दुपारी पोचतील. तेव्हा खिडकी गढूळ होईल आणि पुढच्या पाळीचा माणूस मामांची वही उघडेल.

पुढचं काम मामांचं नाही, पण त्यांना पाठ आहे. रस आटवून पाक करतात. त्या पाकाला परत गंधकाचा वायू देतात, पाचापर्यंत आंबट करतात. मी चक्रावतो. एवढं सात राखलं ते कशाला? मामा पाक शिजवायच्या पॅनकडे बोट दाखवतात. तिथे निर्वात ठेवतात, म्हणून पाक साठ-पासष्ट अंशांवरच उकळतो. थंडपणी आंबट चालतं, गरमपणी नाही. आणि त्या धुराने रंग जातो. बाजाराला पांढरी साखर लागते.

खालचा गाळ फिरत्या जाळीच्या पिंपावर चढतो. रस शोषून घेतला की उरतो तो काळा, ओलसर, गरम भुसभुशीत थर. प्रेसमड. शंभर टन उसामागे तीन-चार टन. पट्ट्यावरून तो बाहेर ट्रॉलीत पडतो. पहाटेपासून ओतलेली पोती आता या ट्रॉलीत आहेत.

दुपारी १२.००

भोंगा. मामा पुढच्या माणसाला सांगतात, "काटा सातावर हाये. सव्वानवाला दूध अडकलं व्हतं. चुना हलका हाये, दाट ठिव." तीन वाक्यांत आठ तास.

आज पहिल्या पंधरवड्याची उचल. दोघं पोरं ठेकेदाराच्या माणसापुढे उभी. धाकट्याचे दोन खाडे कापले. चष्म्याचे पैसे त्याने मागितले, पावती नव्हती. थोरल्याने काही मागितलं नाही. बाहेर काट्यापुढची गाड्यांची रांग अजून तेवढीच आहे. २०२५-२६च्या हंगामाला केंद्राचा एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. उतारा घसरला की तोही घसरतो. रांगेतल्या शेतकऱ्यांना हे आकडे तोंडपाठ आहेत. मघाशी पाइपात जे तुटलं ते त्या दशांशचिन्हानंतर कुठेतरी असेल.

दुपारी ३.३०

दोन तास झोपून मामा शेतावर आलेत. एक एकराला थोडं कमी. कालव्याच्या खालच्या अंगाला. भंडारदऱ्याचं धरण १९२६मध्ये पुरं झालं, प्रवरेचं पाणी बारमाही झालं, ऊस आला. पाणी खूप दिलं गेलं. निचरा कमी. वावराच्या खालच्या कोपऱ्यात जमीन चोपण झाली. उन्हाळ्यात पांढुरकी, पावसाळ्यात चिकट, पाणी वरच तुंबतं. तिथे ऊस गुडघ्याएवढाच.

मामांच्या खिशात घडी केलेला कागद आहे. माती तपासणीचा. सामू ८.९. कारखान्यातल्या काट्याचंच हे दुसरं नाव. पण टाकीतला उपाय इथे चालत नाही. इथे आम्ल ओतून सात करायचं म्हणाल तर जमीन परत तिथेच जाते, कारण दोष सोडियमचा आहे. तो मातीच्या कणांना चिकटून बसलाय, कण फुगवतो, भोकं बुजवतो. त्याला उठवायला कॅल्शियम लागतो. म्हणून जिप्सम घाला, धैंचा गाडा, चर काढा, असं कृषी विद्यापीठाची माणसं सांगतात. कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, सुटलेला सोडियम पाण्याबरोबर चरातून निघून जातो.

आणि प्रेसमडमध्ये कॅल्शियम आहे. गंधक आहे. सेंद्रिय तर आहेच. गंधकाच्या पद्धतीने चालणाऱ्या कारखान्याचा प्रेसमड चोपण जमिनीला चालतो. मामांनी मागच्या हंगामातला, कुजलेला, थंड झालेला आणलाय. ताजा टाकला तर तापतो, मुळं जाळतो. ट्रॉलीचं भाडं वेगळं, भरणाऱ्यांची मजुरी वेगळी. म्हणून दोनच ट्रॉल्या. मामा फावड्याने ओढतात, मामी घमेल्याने पसरतात. मी एक घमेलं उचलतो. हलकं लागतं. काळ्या भुसभुशीत गोळ्यात पांढरा ठिपका दिसतो. मामा तो अंगठ्याने फोडतात. "ह्ये मीच वतलं आसंल," म्हणतात, आणि पुढच्या घमेल्याकडे वळतात.

वरच्या कोपऱ्यात, जिथे दोन वर्षं टाकलंय, तिथे ऊस छातीएवढा आहे.

संध्याकाळी ७.३०

जेवणं झाली. मामांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांमध्ये भेग पडलीय. चुन्याने पडते. दर हंगामात पडते, मे महिन्यात भरते. मामी वाटीत हळद आणि तेल कालवून आणतात. भेगेवर लावतात. हळद लावताच तांबडी होते, विटेसारखी. कुंकू करतात तेव्हा हळदीला चुना देऊन लाल करतात, तसंच.

"आजून चुना हाये हाताला," मामी म्हणतात. "धुवून या."

मामा मोरीत जातात. साबण लावत नाहीत, साबणही चुन्याच्याच जातीचा, अल्कली. तांब्यात उरलेलं ताक घेतात. आंबट ताक बोटांच्या बेचक्यात चोळतात, मग पाणी घेतात, परत ताक, परत पाणी. हात पुसून येऊन चुलीपुढे बसतात.

मामी पुन्हा हळद लावतात. दोघंही चुलीच्या उजेडात वाकून बघतात.

पिवळीच राहते.

मामी चिंधी बांधतात, दातांनी गाठ मारतात, आणि मोबाईलवर पावणेतीनचा गजर लावतात.